न तोललेली पेंढी

बाई,

गेल्या आठवड्यात घराला गिलावा करायला गवंडी आले, तेव्हा त्यांनी ओसरीच्या भिंतीवरचा ताणकाटा खिळ्यासकट उपटला आणि माझ्या हातात आणून दिला. तुम्ही माझ्या लग्नात दिलेला तोच काटा. इतकी वर्षं तो त्या भिंतीवर होता. आमच्या यांनी त्यावर कांदे तोलले, मुलांनी एकमेकांची दप्तरं टांगून भांडणं केली, सुनेनं एकदा पोस्टात टाकायचं पार्सल तोललं. मी मात्र त्याला कधी हात लावला नव्हता. आता भिंतीवर त्याच्याएवढी पांढरट जागा उरली होती, तीही गवंड्यानं माझ्यादेखत लिंपून टाकली, आणि काटा माझ्या मांडीवर राहिला. त्यापायी हे लिहायला बसले आहे. तुम्हांला जाऊन इतका काळ लोटला, की हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. मला तुमच्यावर राग आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'पोरीनं आठवण ठेवली हो' असं म्हणून तुम्ही उगाच विरघळायला नको. तसा विरघळण्याचा तुमचा स्वभाव नव्हताच.

पारनेरला तुमच्या खोलीवर मी राहायला आले ते मॅट्रिकच्या वर्षी, म्हणजे तेव्हाच्या अकरावीला. त्याआधी गावाहून रोज पायी येऊन-जाऊन शिकत होते. तुम्हीच वडलांना बोलावून सांगितलंत, की हिचा अर्धा जीव रस्त्यात जातो, या वर्षी माझ्याकडे राहू दे. तुम्ही एकट्याच होतात. नवरा लग्नानंतर लवकर गेला असं गावात बोलत, तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत. तुम्हांला भाकरी थापता यायची नाही. हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की या घरात माझाही काही उपयोग आहे. मी स्टोव्हपाशी भाकरी करायची, तुम्ही वरणाला फोडणी द्यायची, आणि मधल्या वेळात शहाबादी फरशीवर खडूनं गणित घालायचं. माझं उत्तर आलं की मी त्याखाली ऐटीत दोन रेघा मारायची. एकदा तुम्ही ओल्या हातानं त्या रेघा पुसल्यात आणि म्हणालात, "उत्तर आलं म्हणून खूश होऊ नकोस. परत घालून बघ." म्हणजे आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचं. मी तोंड वाकडं केलं. तुम्ही त्या दिवशी पानावर बसायच्या आधी ते गणित माझ्याकडून चार वेळा परत घालून घेतलंत, आणि भाकरी गार झाली. तेव्हापासून आजतागायत मी वाण्याचा हिशेबसुद्धा उलटा करून बघते.

त्या उन्हाळ्यात तुम्ही नगरला नव्या गणिताच्या शिबिराला जाऊन आला होतात. येताना सायक्लोस्टाइल केलेल्या निळसर कागदांचा गठ्ठा आणलात. त्यातलं आमच्या परीक्षेला काही नव्हतं, ते पुढच्या वर्षांचं होतं, पण तुम्हांला दम निघेना. मॅट्रिक्स हा शब्द मी त्या फरशीवर शिकले. तुम्ही त्याला नुसतं 'चौकट' म्हणायचात. दोन समीकरणं, दोन अज्ञातं. डावीकडचे चार आकडे उचलून चौकटीत बसवायचे. मग त्या चौकटीची उलटी चौकट काढायची: कर्णावरचे दोघं जागा बदलतात, उरलेल्या दोघांची चिन्हं बदलतात, आणि तिरका गुणाकार करून वजाबाकी केली की जो आकडा येतो त्यानं सगळ्यांना भागायचं. तो आकडा शून्य आला तर उलटी चौकट नसतेच. ही उलटी चौकट उजव्या बाजूला लावली की अज्ञातं सुटली. मी म्हटलं, बाई, हे तर नुसत्या वजाबाकीनंही सुटतंय, मग माशी मारायला गोफण कशाला. तुम्ही हसलात. म्हणालात, डावी बाजू तीच राहिली आणि उजवी रोज बदलली तर? रोज नव्यानं सोडवत बसशील? उलटी चौकट एकदाच काढायची आणि रोज नुसतं गुणायचं. मी विचारलं, असं जगात कुठं असतं. तुम्हांलाही तेव्हा उदाहरण सुचलं नाही. ते पुढच्या हिवाळ्यात आपल्या दारात आलं.

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली. विहिरी उघड्या पडल्या, बाजारात गुरं घेणारा कुणी उरला नाही. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर गेले, तिथंच पालात राहू लागले. आमची बैलजोडी त्यांनी पारनेरबाहेरच्या माळावर उघडलेल्या छावणीत आणली. गावातले चार पंच ती छावणी चालवत. वडील जोडी घेऊन आले तेव्हा तुम्ही छावणीच्या तोंडाशीच उभ्या होतात. त्यांनी दोन्ही कासरे तुमच्या हातात दिले. "बाई, माजं एक लेकरू तुमच्यापाशी हायेच," ते म्हणाले, "ही दोन आनिक." तुम्ही शहरातल्या बाई, कासरा कसा धरायचा हेही तुम्हांला धड माहीत नव्हतं, पण तुम्ही ते दोन्ही हातांनी धरलात. मला वाटतं माझ्या वडलांना तुमच्याबद्दल जो विश्वास होता तो त्या धरण्यामुळं.

छावणीत रोज सकाळी भांडणं व्हायची. कुणाच्या गाईला जास्त पडलं, कुणाच्या बैलाला कमी. पंचांनी हेडमास्तरांकडं हिशेब करणारं माणूस मागितलं आणि हेडमास्तरांनी तुम्हांला पाठवलं, कारण पुरुष मास्तरांना पहाटपासून शेणात उभं राहायचं नव्हतं. तुम्ही मला बरोबर घेतलंत. चारा दोनच जातींचा होता: ज्वारीचा कडबा, पेंढ्यांमध्ये बांधलेला, आणि उसाचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कारखान्याकडून यायचे ते, मोळ्यांमध्ये बांधलेले. पेंढी तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतला काटा आणून तोललीत, तीन किलो भरली. मोळी पाच किलो. जनावराला नुसतं वजन पुरत नाही, चाऱ्यात कस लागतो. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारून तुम्ही कसाचं आपलं एक माप ठरवलंत: पेंढीत एक, मोळीत दोन. झाली चौकट. वर तीन आणि पाच, खाली एक आणि दोन. तिरका गुणाकार सहा, दुसरा पाच, वजाबाकी एक. भागायलासुद्धा काही उरलं नाही. तुम्ही छावणीच्या लिंबाखाली उभ्या राहून टाळी वाजवलीत आणि पंच बघतच राहिले.

मग रोज सकाळी एवढंच. आज किती बैल, किती गाई, किती वासरं, त्यावरून एकूण वजन किती हवं आणि एकूण कस किती हवा, हे तुम्ही काढायचात. ती उजवी बाजू. ती रोज बदलायची, कारण रोज नवी जनावरं यायची आणि काही जायची. पुढचं मी करायची. वजनाची दुप्पट, त्यातून कसाची पाचपट काढली की पेंढ्या. कसाची तिप्पट, त्यातून वजन काढलं की मोळ्या. तोंडी व्हायचं ते. मी आकडे सांगितले की गडी गंजीवरून तेवढ्या पेंढ्या काढायचे. मग मी उत्तर परत घालून बघायची, जुळायचं, आणि तुम्ही मान हलवायचात. भांडणं थांबली. एक म्हातारा तर म्हणाला, मास्तरणीनं दावणीला शिस्त लावली. बाई, त्या दिवसांइतकी मी पुढं कधीही सुखात नव्हते. माझ्या आई-वडलांच्या अंगावर माती बसत होती, माळावर गुरं हाडं मोजून घ्यावीत अशी उभी होती, आणि मी सुखात होते. जगाला उलटी चौकट असते असं मला खरोखर वाटायला लागलं होतं.

विकतचा कडबा संपत आला तेव्हा खानदेशातून ट्रकनं कडबा आला. तिकडच्या लोकांनी आमच्या गुरांसाठी धर्म म्हणून पाठवलेला. ट्रक आला तेव्हा बायांनी चाकांवर पाणी घातलं, प्यायला पाणी नव्हतं तरी. तुम्ही काटा आणायला मला शाळेत धाडणार, तोच पंचांमधले वयस्क गृहस्थ पुढं झाले. "धर्माची वैरण काट्याला लावत न्हाईत बाई," ते म्हणाले. "देनाऱ्याचा हात तोलल्यागत हुतं. पाचुंद्यानं मोजून घ्या." पाचुंदा म्हणजे पाच पेंढ्या. आमच्याकडं तसाच रिवाज होता, अजूनही कुठं कुठं आहे. देणाऱ्यानं वैरण दिली तर मोजावी, तोलू नये. तुम्ही क्षणभर थांबलात. मला आठवतं, कारण मी निघायला वळले होते आणि तुम्ही माझा हात धरलात. तुम्ही बाहेरच्या होतात, एकट्या होतात, बाई होतात, आणि त्या माळावर पहिल्यांदा लोक तुम्हांला मान देत होते. तुम्ही पाचुंद्यानं मोजून घेतलंत. पेंढी ती पेंढी. डावी बाजू तीच राहिली.

त्यानंतर पंधरवडाभर आपण रोज गणित केलं, रोज परत घालून बघितलं, रोज जुळलं. समीकरणात घालून बघत होतो आपण. गव्हाणीत कुणी बघितलं नाही. गुरं जरा जास्त हंबरतात असं गडी म्हणायचे, पण त्या साली हंबरत नव्हतं असं जनावर होतं कुठं.

आमचा डावीकडं चालणारा बैल एका सकाळी दावणीला नव्हता. दावं तुटलेलं होतं. तो सापडला ओढ्यापलीकडच्या एका विहिरीपाशी. तिथं ओलीवर ज्वारीचे कोवळे फुटवे आले होते, वीतभर, हिरवेगार. त्या सबंध माळावर तेवढंच हिरवं होतं. अशा फुटव्यांना आमच्याकडं किराळ म्हणतात, आणि उपाशीपोटी ती खाल्ली की जनावर बघता बघता जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बैलाला ठाऊक नसतं. मी पोचले तेव्हा त्याचं पोट फुगलेलं होतं आणि तोंडातून फेस येत होता. मी त्याच्या मानेवर हात ठेवून बसले. तुम्ही धावत आलात, तुमची चप्पल ओढ्यातच राहिली होती. डॉक्टर यायच्या आत तो गेला.

पंच म्हणाले, किराळ लागली, कुणाचा इलाज नाही. सगळे तेच म्हणाले. तुम्ही मात्र कुणाचं न ऐकता शाळेत गेलात, काटा घेऊन आलात, आणि लिंबाच्या फांदीला तो अडकवून धर्माच्या कडब्याची पेंढी सगळ्यांसमोर टांगलीत. काटा दोनावर थांबला. दुसरी टांगलीत, तीही दोनच. खानदेशात पेंढी लहान बांधतात. वयस्क पंच तोंड फिरवून निघून गेले. तुम्ही त्या दोनाकडं बघत राहिलात. माझ्या मनात हिशेब आपोआप झाला, तो करायला मला तुम्हीच शिकवलं होतं. त्या दिवशीची उजवी बाजू होती वजन अकराशे, कस चारशे. आपण दिल्या होत्या दोनशे पेंढ्या आणि शंभर मोळ्या. अकराशेच्या जागी गव्हाणीत पडले होते नऊशे. छावणीत दोनशे जनावरं, म्हणजे जनावरामागं किलोभर कमी. किलोभर म्हणजे काय हो, चार घास. पण रोजचे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन तलावाच्या कामावर आलात. वडलांना बैलाची बातमी आधीच पोचली होती. ते घमेलं पालथं घालून त्यावर बसले होते, आई बाजूला. तुम्ही उभ्या राहूनच सगळं सांगितलंत, पेंढीचं वजन, काटा न लावणं, सगळं, आणि म्हणालात की तुमचा बैल माझ्यामुळं गेला. वडलांना ते ऐकवेना.

"किराळीनं गेला बाई त्यो," ते म्हणाले. "तुमी कशाला जिवाला लावून घेता?"

"पण तो सुटला कशामुळं?" तुम्ही विचारलंत.

वडलांनी हातांवरची माती झटकली. तुम्हांला दुखवायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांच्या मनात कुणालाच दुखवायचं कधी नसायचं. "भुकेलं जनावर सुटतंच," ते म्हणाले. "त्येला बांधून ठिवंल असं दावं अजून कुनी वळलं न्हाई."

आईनं तुम्हांला तांब्यातून पाणी दिलं. तुम्ही ते घेतलं नाहीत, मग घेतलंत.

परतीच्या वाटेवर तुम्ही मला म्हणालात, "तीनच्या जागी दोन घाल. कस तेवढाच धर, त्या कडब्याला पाला जास्त आहे, डॉक्टरांना विचारलं मी. नवी उलटी चौकट काढ. काय द्यायला हवं होतं ते बघ." मी म्हटलं, आता काय उपयोग. तुम्ही म्हणालात, तरी काढ. मी नाही म्हणाले. तुम्हांला नाही म्हणण्याची माझी ती पहिली वेळ, आणि शेवटची नव्हे. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. छावणीत चार दिवस पेंढ्या वाढवून दिल्या, पण तशानं गंजी पावसाआधीच संपली असती. दुसरा ट्रक काही आला नाही. मग पंचांनी माप पुन्हा पहिल्यावर आणलं, आणि छावणी कशीबशी रडत-रखडत पावसाळ्याला लागली.

मी मॅट्रिक झाले. गणितात शाळेत माझे सगळ्यांत जास्त गुण होते. तुम्ही निकाल घेऊन आमच्या गावी आलात, घामानं डबडबलेल्या, आणि वडलांना सांगितलंत की हिला नगरच्या कॉलेजात घालू, राहण्याची सोय मी बघते, खर्चाचं तुम्ही मनात आणू नका. वडील ऐकत राहिले. पाऊस पडून गेला होता, शेजारी कुळवाच्या पाळ्या घालत होते, आणि आमच्या दारात एकच बैल उभा होता. एकेक बैल असलेली दोन घरं सावड करून पेरतात, पण त्या वर्षी जो तो आपल्याच उरलेल्या जनावराला जपत होता. वडील एवढंच म्हणाले, की पोरगी तुमच्यापाशी ठेवलीच असती बाई, पण पेरणी कशावर करू. मग जामखेडकडचं स्थळ आलं. त्यांच्याकडं डावीकडं चालणारा एक खोंड जादा होता. मुलगी द्या आणि बैल न्या असं कुणी तोंडानं बोललं नाही, आमच्यात तसं बोलत नाहीत. सोयरे म्हणून त्यांनी जोडीला बैल दिला, एवढंच. कर्णावरचे दोघं जागा बदलतात. बैल माझ्या माहेरी आला आणि मी बैलाच्या घरी गेले.

लग्नात तुम्ही जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कागदात गुंडाळून हा काटा दिलात. सासूबाईंनी तो उलगडून बघितला आणि म्हणाल्या, "लग्नात काटा? आमी काय दुकान टाकलंया?" मांडवातले सगळे हसले. मीही हसले असेन. पण मला तो बघवेना. मला वाटलं, तुम्हांला जे पेलवत नाही ते तुम्ही माझ्या घरी पाठवून दिलंत. आमचे हे माणूस चांगले निघाले, तक्रार करायला जागा नाही. पण जमीन म्हणाल तर कोरडी. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचं, ते उन्हाळ्यात परत. किती हंगाम मी उसाचे वाढे बांधले असतील. वाढ्यांची मोळी वळताना प्रत्येक वेळी मनात यायचं, पाच किलो, कस दोन. कोप्यांमधल्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांतल्या बाया मला विचारायच्या, काय पुटपुटतीस गं. मी म्हणायची, काही नाही. कसलं कॉलेज आणि कसलं काय. माझी बोटं फाटली, माझी भाषा बदलली, तुम्ही फरशीवर घासून सरळ केलेले शब्द पुन्हा वाकडे झाले. मला त्याचं दुःख होतं, बाई. ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण इथं कुणाला कळलं असतं? बैल मेलेली घरं पुष्कळ होती. चौकट मेलेली मी एकटीच.

आपली शेवटची गाठ नगरच्या स्टँडवर पडली. मी कडेवर धाकटा आणि डोक्यावर बोचकं घेऊन तोडीवरून परतत होते. तुम्ही बाकावर बसला होतात, केस पांढरे झालेले. आधी मी तुम्हांला ओळखलं, मग तुम्ही मला. तुम्ही मुलाच्या गालाला हात लावलात. सगळं सोडून तुम्ही विचारलंत, "ती चौकट काढलीस का?" मी म्हटलं, "न्हाई." मुद्दाम तसं म्हटलं, नाही नव्हे, न्हाई. तुमचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. तो पडला नाही. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि म्हणालात, "असू दे." आमची गाडी लागली होती, मी चढले. पुढच्या दिवाळीनंतर माहेरी गेले तेव्हा कळलं की तुम्ही गेलात, पारनेरच्या त्याच खोलीत. आणि शिबिरावरून आणलेले ते निळसर कागद तुम्ही त्यानंतर कुठल्याच वर्गात कधी काढले नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

तर काल दुपारी, गवंडी जेवायला गेल्यावर, मी ओसरीवर खडू घेऊन बसले. फरशी आता गुळगुळीत आहे, खडू धड उमटत नाही. तीनच्या जागी दोन घातलं. वर दोन आणि पाच, खाली एक आणि दोन. तिरका गुणाकार चार, दुसरा पाच, वजाबाकी उणे एक. उलटी चौकट काढली. इतक्या वर्षांनी हात चालतो की नाही अशी भीती होती, पण हात चालला. उजवी बाजू अकराशे आणि चारशे, ती विसरणं मला कधी जमलंच नाही. मोळ्या आल्या तीनशे. पेंढ्या आल्या उणे दोनशे.

उणे दोनशे पेंढ्या, बाई. म्हणजे गव्हाणीतून दोनशे पेंढ्या काढून घ्या आणि तीनशे मोळ्या टाका. कारखान्याच्या हातापाया पडून मोळ्या यायच्या शंभर. उणी पेंढी कुठल्या गंजीतून काढायची? तुम्ही त्या दिवशी ट्रकापाशी काटा लावला असता, पंचांचा राग ओढवून घेतला असता, प्रत्येक पेंढी तोलली असती, तरी जे उत्तर आलं असतं ते कुणाला देता आलं नसतं. चारा नव्हताच. आडातच नव्हतं, ते पोहऱ्यात कुठून येणार होतं. मी खडू खाली टाकला, आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. तुम्ही गणिताच्या बाई. लिंबाखाली काटा दोनावर थांबला, तेव्हाच तुम्ही हे मनात सोडवलं असणार. माझ्या वडलांपुढं उभ्या राहिलात तेव्हा तुम्हांला उणे दोनशे माहीत होतं. एवढं एक वाक्य तुमच्या बाजूचं होतं, आणि ते तुम्ही बोलला नाहीत. मी आपलं आपण काढावं म्हणून थांबलात. स्टँडवर शेवटचं विचारून बघितलंत, आणि असू दे म्हणालात.

आता मी काय करू? इतकी वर्षं या घरात मी एका गोष्टीला धरून उभी होते, की माझं जे झालं ते एका न तोललेल्या पेंढीनं झालं. कुणाची तरी चूक होती, म्हणजे ती झाली नसती तर सगळं वेगळं झालं असतं. नगरचं कॉलेज, कोरा खडू, तुमच्यासारखी माझी एक खोली. राग असला की निदान ते सगळं कुठंतरी शिल्लक आहे असं वाटायचं. आता तेही नाही. सून विचारत होती, काटा परत कुठं लावू. मी म्हटलं, राहू दे माझ्यापाशी. त्यावर तोलण्यासारखं माझ्याकडं काही नाही, तरी राहू दे.

हे पत्र मी डब्याच्या तळाशी घालून ठेवणार आहे, ज्वारीखाली. तुम्ही शिकवल्याप्रमाणं उत्तर परत घालून बघितलं. वजन अकराशे भरतं, कस चारशे भरतो, दोन्ही बाजू जुळतात. पुसून पुन्हा केलं, पुन्हा तेच. उत्तर बरोबर आहे, बाई. मला ते चुकायला हवं होतं.